एका मॅचने हुकलेला सीझन

खोटं कशाला बोलू, मला बेसबॉल कळतो. आवडतो असं काही नाही. पण मार्च संपत आला, इथं अ‍ॅरिझोनात आमच्या चँडलरच्या गल्लीतल्या संत्र्यांना बहर आला, की संध्याकाळी सहा चाळीसला माझा हात आपोआप रिमोटकडे जातो. त्याच वेळी मी चहा टाकते. घरात संध्याकाळचा चहा पिणारं आता कुणी नाही. माझा नवरा मिलिंद कॉफीवाला, आणि आमची सई बारा वर्षांची झाल्यापासून तिला कसली तरी जांभळी फेसाळ पावडर लागते. तरी मी आलं किसते, दोन कपांचं आधण ठेवते, दोन घोट घेते आणि उरलेला सिंकमध्ये ओतते. चहा फेकणाऱ्या बाईला माझ्या आईनं घरात घेतलं नसतं.

यंदाही सीझन सुरू झालाय. टीव्हीवर तेच डोळ्यांत भरणारं हिरवं मैदान, तेच कॉमेंटेटर, नवी नवी पोरं. मी सोफ्याच्या डाव्या टोकाला बसते आणि उजवं टोक मोकळं ठेवते. मिलिंद म्हणतो, तू हे मुद्दाम करतेस. मी म्हणते, तिकडं एसीचा झोत अंगावर येतो. खरं सांगायचं तर दोन्ही बरोबर आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या सीझनबद्दल लिहायचं कधीपासून मनात आहे. आमची टीम त्या वर्षी पुढच्या फेरीत जाता जाता एका मॅचने हुकली. सहा महिने, एकशे बासष्ट मॅच, आणि शेवटी एक कमी पडली. हे दुःख शहरातल्या लाखो लोकांचं होतं. माझं दुःख वेगळं आहे, कारण ती हरावी म्हणून मनापासून प्रार्थना करणारी या शहरात बहुधा मी एकटीच होते.

अण्णा म्हणजे मिलिंदचे वडील, माझे सासरे. कराडच्या बसस्टँडवर एकतीस वर्षं कंट्रोलर होते. काचेच्या खिडकीमागं बसून, माईकवर, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या पुकारायच्या. सासूबाई गेल्या त्याच्या पुढच्या एप्रिलमध्ये आम्ही त्यांना इकडं आणलं. अ‍ॅरिझोनात शहाणी माणसं आईवडिलांना थंडीत बोलावतात. आम्हाला वाटलं, म्हातारा माणूस एकटा कराडचा उन्हाळा कसा काढेल? म्हणून कराडच्या उन्हाळ्यातून सोडवून आम्ही त्यांना चँडलरच्या उन्हाळ्यात आणून बसवलं. आमच्या हुशारीला तोड नाही.

आईवडील सहा महिन्यांसाठी येतात, हे इथल्या प्रत्येक मराठी घराला पाठ असतं. अण्णांना ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत राहायची मुदत मिळणार होती. परतीची तारीख मी निवडली. सप्टेंबरचा शेवटचा रविवार झाला की येणारा मंगळवार. म्हणजे मुदतीच्या दोन आठवडे आधी. मिलिंदला म्हटलं, ‘अरे, शेवटच्या दिवसापर्यंत ताणू नये, इमिग्रेशनवाले उगाच कटकट करतात.’ त्यालाही पटलं. खरं कारण एवढंच की ते यायच्या आधीच मी दमले होते. मी घरून काम करते, चिप टेस्टिंगचं. दिवसभर घरात तेच आणि मीच असणार होतो, आणि हे मला तिकीट काढतानाच दिसत होतं.

ते आले आणि पहिल्या आठवड्यातच घराचं स्टँड झालं. सकाळी सई दप्तर शोधत असायची आणि हे दाराशी उभे राहून, हात पाठीशी बांधून, खणखणीत आवाजात, ‘लक्ष द्या! आठ वाजून पाच मिनिटांनी सुटणारी सई, शाळेकडे, फलाट क्रमांक एकवर लागलेली आहे!’ सई खिदळत पळायची. मिलिंद ऑफिसला निघाला की त्याचीही घोषणा. कुकरची तिसरी शिट्टी झाली की भाताची घोषणा. आवाज मात्र काय होता हो त्यांचा! सत्तरी उलटलेली, पण एकेक अक्षर घासूनपुसून ठेवल्यासारखं. मला पहिले आठ दिवस मजा वाटली. मग मे महिन्यात एका मंगळवारी मी मोठ्या मीटिंगमध्ये होते, बारा माणसं कॉलवर, मी बोलत होते, म्यूट नव्हते, आणि मागून आलं, ‘लक्ष द्या! अकरा वाजताचा चहा…’

सगळे हसले. कुणीतरी विचारलंही, ‘इज दॅट अ‍ॅन एअरपोर्ट?’ मी पण हसले. कॉल संपला आणि मी बाहेर येऊन म्हटलं, ‘अण्णा, प्लीज. हे स्टँड नाहीये.’

ते म्हणाले, ‘खरंय.’ कप टेबलावर ठेवला आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी सई आपली आपली शाळेत गेली. तिनं दारात थांबून मागं पाहिलंसुद्धा. अण्णांनी नुसता हात हलवला. त्यानंतर त्यांनी आमच्या घरात एकही घोषणा केली नाही, आणि मी बेशरमासारखी मनात म्हटलं, चला, सुटले.

आवाज गेला म्हणून टीव्ही लागला. ते हॉलमध्ये बसायला लागले आणि चॅनेल फिरवता फिरवता बेसबॉल लागला. पहिले दोन दिवस त्यांना वाटलं की जुनी मॅच पुन्हा पुन्हा दाखवतायत. तिसऱ्या दिवशी मला विचारलं, ‘वृषाली, हे रोज खेळतात का गं?’

‘रोज. सहा महिने.’

‘रोज? दमत न्हाईत?’

‘आठवड्यातून एखादी सुट्टी असते, अण्णा. कधी तीही नसते.’

ते खूश झाले. ‘मग बरंय. रोज सुटती ती गाडी. सणावाराला सुटणाऱ्या गाडीचं कौतुक काय करायचं?’

झालं. त्यांनी मला पूर्ण सीझनचं वेळापत्रक प्रिंट करायला लावलं आणि फ्रिजवर चिकटवलं. टीम जिंकली की त्या दिवसापुढं पेननं लिहायचे, ‘पोचली’. हरली की ‘बंद पडली’. नऊ इनिंगांत निकाल न लागता दहाव्या-अकराव्या इनिंगपर्यंत गेली की ‘उशिरा’. नियम त्यांना मी शिकवले. मला ते माहीत होते, कारण इथल्या ऑफिसात बारा वर्षं काढली की दुसऱ्यांच्या गप्पा ऐकूनच बेसबॉल येतो. बॅटर पहिल्या बेसवर, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, आणि जिथून निघाला तिथंच, म्हणजे ‘होम’ला, घरी, परत आला की एक रन. ‘म्हंजे परतीची फेरी,’ अण्णा म्हणाले. त्यांना सगळं त्यांच्याच भाषेत नेऊन ठेवायचं असे. दोन माणसं बेसवर अडकून इनिंग संपली की चुकचुकायचे, ‘पॅसेंजर भरलं आणि ड्रायव्हरच न्हाई.’

जूनमध्ये टीम लागोपाठ हरली. फ्रिजवर उभ्या ओळीत ‘बंद पडली, बंद पडली’. मला वाटलं, आता यांचा उत्साह संपेल आणि हॉल माझा होईल. कसलं काय! ते जास्तच चिकाटीनं बसायला लागले. मी चहा घेऊन जायचे, पाच मिनिटं टेकायचे, आणि उठायच्या वेळी नेमकं कुणीतरी बेसवर असायचं. ‘बस की, हा पोचतोय का बघ आणि जा.’ असं करत करत मी जुलैत नऊच्या नऊ इनिंग बघायला लागले होते. जुलैत मिलिंद कंपनीच्या कामाला तैवानला गेला तो सप्टेंबर संपेपर्यंत. घरात राहिलो मी, सई आणि अण्णा.

त्या उन्हाळ्यात बाहेर पाय ठेवायची सोय नव्हती. अण्णा पहाटे पाचला फिरून यायचे आणि मग दिवसभर पडदे ओढलेले. एका संध्याकाळी फोन एकदम कर्कश वाजले, धुळीच्या वादळाचा इशारा. खिडकीतून पाहिलं तर दक्षिणेकडून तपकिरी भिंत चालत येत होती. मी घाबरून सगळ्या खिडक्या तपासत फिरत होते. अण्णा शांत. टीव्हीवर तेच शहर, तीच वेळ, पण स्टेडियमचं छप्पर मिटलेलं, आत लख्ख उजेड आणि गवतावर पांढरेशुभ्र कपडे. ते म्हणाले, ‘आपण बी आत, ते बी आत. बस खाली.’ सई त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. आम्ही जिंकलो त्या दिवशी. मला तो दिवस फार आवडला होता, आणि हे मी कुणालाही सांगितलं नाही. मिलिंदला फोनवर सांगितलं ते इतकंच, ‘तुझे वडील दिवसरात्र टीव्ही लावून बसतात.’

हे असं का करतो आपण? माणूस आवडायला लागलं तरी तक्रारीची सवय सुटत नाही. मैत्रिणी फोनवर विचारायच्या, ‘अजून आहेत का गं सासरे?’ त्या ‘अजून’मध्ये जी सहानुभूती असायची ती मला हवीहवीशी वाटे. मी सुस्कारा टाकून म्हणायचे, ‘आहेत ना. तीस सप्टेंबरच्या आसपास सुटका.’ आणि फोन ठेवून हॉलमध्ये जाऊन विचारायचे, ‘अण्णा, किती झाले?’

ऑगस्टमध्ये आम्ही तिघं एकदा स्टेडियममध्ये गेलो. तिथल्या नियमाप्रमाणं पारदर्शक पिशवीत थालीपिठं आणि लोणचं. शेजारच्या गोऱ्या आजोबांनी वास घेऊन विचारलं, अण्णांनी अर्धं थालीपीठ त्यांच्या हातावर ठेवलं आणि दोघं एकमेकांची भाषा न कळता दोन तास गप्पा मारत बसले. अण्णांचं लक्ष मात्र खेळापेक्षा लाउडस्पीकरवर. खेळाडूंची नावं पुकारणाऱ्याचं ते मन लावून ऐकत होते. म्हणाले, ‘गळा चांगलाय, पण घाई करतोय. गावाचं नाव सांगितलं की जरा थांबायचं असतं. ऐकणाऱ्याला पिशवी उचलायला वेळ द्यावा लागतो.’

मला एकदम भरून आलं. मे महिन्यापासून मी तो आवाज ऐकला नव्हता. म्हटलं, ‘अण्णा, तुम्ही पुकारून दाखवा ना. आपल्या टीमची नावं. इथं कोण ओळखतंय?’ सईही हट्ट धरून बसली, ‘आजोबा, प्लीज, प्लीज!’

ते हसले आणि म्हणाले, ‘नगं. हे स्टँड न्हाई.’

टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. टोमणा नव्हता. ते खरंच तसं समजून चालले होते, एकदा सांगितलेला नियम पाळावा तसे. मला तेव्हाच म्हणायचं होतं, अण्णा, माझं चुकलं. पण तेवढ्यात कुणीतरी चेंडू उंच मारला, सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं, आम्हीही उभे राहिलो, आणि माझं तोंडातलं वाक्य तसंच राहून गेलं.

एका मॅचने हुकलेल्या सीझनचा त्रास असा असतो की मग हरलेली प्रत्येक मॅच तीच वाटायला लागते. मेमधली ती, ज्यात सोपा कॅच सुटला. जूनमधली ती, जी हातात येऊन गेली. त्यातली कुठलीही एक इकडची तिकडं झाली असती तर? ज्या दिवशी हरलो त्या दिवशी कुणाला काही वाटलं नव्हतं. उद्या आहेच की मॅच, असं म्हणून सगळे जेवायला उठले होते. आता मी मागं बघते तेव्हा माझेही तसेच दिवस दिसतात. मेमधला तो मंगळवार. ऑगस्टमधलं ते राहून गेलेलं वाक्य. आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला गुरुवार.

सप्टेंबरमध्ये टीमला काय झालं होतं कुणास ठाऊक, भूत संचारल्यासारखी जिंकत सुटली. फ्रिजवर ‘पोचली, पोचली, पोचली’. एका जागेसाठी आम्ही आणि दुसऱ्या एका शहराची टीम, दोघं चढाओढीनं चाललो होतो. ऑफिसच्या कॉलवर, किराणा दुकानात, सईच्या शाळेच्या फाटकाशी, सगळीकडं तोच विषय. प्लेऑफ्सना, म्हणजे बाद फेरीला, गेलो तर ऑक्टोबरमध्ये पुढं खेळायला मिळणार. गुरुवारी जेवताना अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता, माझ्याकडं न बघता विचारलं, ‘वृषाली, समज ही पुढं गेली, तर माझं तिकीट चार-आठ दिवस पुढं सरकतंय का गं? मुदत हाय म्हणत होता मिलिंद.’

तिकीट सरकत होतं. फोनवर दहा मिनिटांचं काम. माझ्या डोक्यात काय आलं? ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी तपासत असलेल्या चिपचं रिलीज होतं, मिलिंद परत येणार होता, घर आवरायचं होतं, आणि मला चार दिवस कुणाचंही काही न करता नुसतं पडून राहायचं होतं. सहा महिने मी त्या मंगळवाराकडं बघत काढले होते. मी आमटी वाढत म्हटलं, ‘बघू ना, अण्णा.’

मराठी घरात वाढलेल्या माणसाला ‘बघू’ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. ते म्हणाले, ‘असू दे, असू दे. सहज विचारलं.’ आणि आमटीचं कौतुक केलं. आमटी खारट झाली होती.

रविवारी शेवटची मॅच होती, दुपारी बाराला. ती दुसरी टीम आणि आम्ही बरोबरीत; तिची मॅच दुसरीकडं होती, पण आपसातल्या मॅच आम्ही जास्त जिंकल्या होत्या. आम्ही जिंकलो की आत, एवढं सोपं गणित. आमचं देवघर पँट्रीत वरच्या कप्प्यात आहे. सकाळी मी उठले तर ओट्यावर स्टीलचं पातेलं, त्यात पाणी आणि पाण्याच्या तळाशी आमचा पितळी गणपती. ‘देव पाण्यात घालून बसलेत’ असं आपण येताजाता म्हणतो. प्रत्यक्ष घातलेला मी पहिल्यांदाच पाहिला. अण्णा अंघोळ करून, सदरा घालून तयार. सई पातेल्यात वाकून बघत होती.

‘बट व्हाय इज ही इन द वॉटर?’

‘आपलं काम होईस्तवर पाण्यात ठेवायचं. देवालाबी मग घाई हुती. तुझ्या आजीनं तुझ्या बाबाच्या बारावीला घातला हुता.’

‘दॅट्स सो मीन, आजोबा!’ असं म्हणत तिनं पातेल्यात एक फूल सोडलं.

मला हसू आलं, आणि थोडी भीतीही वाटली. मी देवाधर्माची बाई नाही. माझ्या नोकरीत कारण आणि परिणाम यांच्यामध्ये पुरावा लागतो. चँडलरमधल्या पातेल्याचा आणि तिकडं चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या खांद्याचा काही संबंध नाही हे मला पक्कं माहीत आहे. तरी त्या दिवशी मॅच बघताना माझं अर्धं लक्ष ओट्याकडं होतं. सई ओरडत होती, अण्णा मुठी आवळून पुढं सरकून बसले होते. आणि मी? प्रत्येक रनला टाळ्या वाजवत होते आणि आतून म्हणत होते, हरू दे. जिंकले तर यांना थांबा म्हणावं लागेल. हरले तर काही बोलावंच लागणार नाही. टीमनंच परस्पर उत्तर दिलेलं असेल.

आठवी इनिंग संपली तेव्हा आम्ही तीन-दोन असे पुढं होतो. मी चहाच्या निमित्तानं उठले. ओट्यापाशी गेले, पातेल्यात हात घातला आणि गणपती बाहेर काढला. नॅपकिननं पुसला. पँट्रीत नेऊन जागेवर ठेवला. पाणी तुळशीच्या कुंडीत ओतलं. हे सगळं मी इतक्या शांतपणे केलं की आज आठवलं तरी माझी मला लाज वाटते. वळले तर अण्णा दारात उभे. रिकामा पेला हातात. पाणी घ्यायला आले असावेत. त्यांनी रिकाम्या पातेल्याकडं पाहिलं, माझ्या ओल्या हातांकडं पाहिलं.

‘बरं केलंस,’ ते म्हणाले. ‘सकाळपासनं पाण्यातच हाय. गारठला असंल.’

पेला भरून घेतला आणि ते परत जाऊन बसले.

नवव्या इनिंगमध्ये समोरच्यांनी दोन रन काढल्या. चार-तीन. मग आमची शेवटची बारी. दोन आउट, आणि एक तरणा पोरगा तिसऱ्या बेसवर. घरापासून नव्वद फुटांवर. तो आला असता तर बरोबरी होती. बॅटरनं चेंडू उंच मारला, अख्खं शहर श्वास रोखून उभं राहिलं असेल, आणि तो भिंतीजवळ झेलला गेला, तिसरा आणि शेवटचा आउट. पळत निघालेला तो पोरगा घरापाशी येऊन थांबला. त्याला कुणी मोजलं नाही. दुसऱ्या शहराची टीम तिकडं जिंकली होती. संपलं. सई रडायला लागली, हुंदके देऊन. अण्णांनी तिला जवळ घेतलं. ‘गाडी फाट्यापतोर आली गं. गावात न्हाई शिरली, एवढंच. रडू नगं.’ सगळे खेळाडू मैदानात येऊन टोप्या हलवून लोकांचा निरोप घेत होते. अण्णा ते शेवटपर्यंत बघत बसले. मग उठून फ्रिजपाशी गेले आणि शेवटच्या चौकोनात नीट अक्षरात ‘बंद पडली’ असं लिहिलं.

मला हायसं वाटायला हवं होतं. तासभर वाटलंही. संध्याकाळी बॅग भरायला मदत करू का विचारलं तर म्हणाले, झालीय. मंगळवारी एअरपोर्टवर त्यांना व्हीलचेअर घेतली होती. सगळेच घेतात, म्हाताऱ्या माणसाला इंग्रजीत अडायला नको म्हणून. रोज चार मैल चालणारा माणूस निमूट खुर्चीत बसला, मांडीवर पिशवी घेऊन. मी पाया पडले. म्हटलं, ‘पुढच्या वर्षी या. पुढच्या वर्षी नक्की जातील पुढं.’ ते म्हणाले, ‘येतो की.’ ढकलणाऱ्या बाईनं खुर्ची वळवली आणि ते गर्दीत दिसेनासे झाले. गाडीत बसल्यावर सई म्हणाली, ‘यू आर क्राइंग.’ मी म्हटलं, एसीचा झोत लागतोय डोळ्यांना.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, आणि बोलणं. गेलं म्हणजे अगदीच गेलं नाही. एकेक शब्द शोधून काढावा लागतो, मध्ये लांबच लांब थांबणं. एवढा विमानप्रवास आता डॉक्टर करू देत नाहीत. माझे थोरले दीर, त्यांना मी भाऊजी म्हणते, ते आणि जाऊबाई कराडला त्यांचं सगळं बघतात. आम्ही दोनदा जाऊन आलो. अण्णा खिडकीशी खुर्चीत बसलेले असतात. सई शेजारी बसून मोबाइलवर मॅचच्या क्लिप दाखवते. मी उभी असते.

ही तीन वर्षं मी स्वतःला त्या गणपतीवरून बोल लावत आले. कुणाला सांगितलं नाही, पण मनात ठाम: मी देव बाहेर काढला, टीम हरली, अण्णा परत गेले. वेडेपणा आहे, मला कळतं. पण त्या वेडेपणात एक सोय होती. असल्या अपराधावर पहाटे जाग आली की स्वतःच हसता येतं, कूस बदलून झोपता येतं.

ती सोय मागच्या आठवड्यात गेली. सईची शाळेची सायन्स ट्रिप होती, चार दिवसांची, आणि पोरीनं घर भरल्यासारखी बॅग भरली होती. चेन लागेना. ती झाकणावर चढून बसली, मी चेन ओढत होते. ती म्हणाली, ‘धिस इज जस्ट लाइक आजोबाज बॅग. तेव्हा पण मीच बसले होते वर. त्या फ्रायडेला.’

‘कुठल्या फ्रायडेला?’

‘बिफोर द लास्ट गेम. तू कॉलवर होतीस. ही सेड, आईला सांगू नको, ती उगाच वाईट वाटून घेईल.’

मी चेन सोडून खाली बसले. शुक्रवार. मॅच रविवारी होती. गुरुवारी रात्री मी आमटी वाढली आणि शुक्रवारी त्यांनी बॅग भरली. म्हणजे रविवारी त्या मुठी आवळून ते बसले होते तेव्हा बॅग दोरी बांधून तयार होती. तिसऱ्या बेसवरचा तो पोरगा घरी पोचला असता, तरी ते मंगळवारीच जाणार होते.

सई ट्रिपला गेली. संध्याकाळी मॅच लागली, मी चहा टाकला आणि कराडला फोन लावला. तिकडं सकाळचे सात. भाऊजींनी व्हिडिओ चालू करून फोन अण्णांसमोर धरला. आजारानंतर अण्णांची भीड गेली आहे; जे मनात असतं ते येतं, उशिरा का होईना.

‘अण्णा, तुम्ही बॅग शुक्रवारीच भरली होती?’

ते हसले. हसू आता एकाच बाजूला येतं. ‘सईनं… सांगितलं… व्हय?’

‘टीम जिंकली असती तर?’

‘तरी… जायचंच… हुतं.’

मग एकदाचं म्हटलं, ‘अण्णा, रविवारी गणपती मीच काढला पाण्यातून. तुम्ही पाहिलंत. टीम हरावी असं मला वाटत होतं. फार चुकलं माझं.’

त्यांनी मान हलवली. काहीतरी शोधत होते. मी थांबले. एवढं तरी मला आता येतं. भाऊजींनी फोन आणखी जवळ नेला.

‘टीमसाठी…’ ते म्हणाले, ‘न्हवता… घातला.’

‘मग?’

‘तू…’ ते थांबले. पुन्हा सुरुवात केली. ‘तू… थांबा… म्हणशील… म्हणून.’

मी फोन हातात धरून तशीच बसले. तिकडं भाऊजींना वाटलं लाइन गेली. ते हॅलो, हॅलो करत राहिले.